नुसतं बोलून काय होतं?

टेबलावर त्यांनी फाइल ठेवली. दोन ईसीजी, एक इको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉइडचा रिपोर्ट, सगळं तारीखवार लावलेलं. वय एकेचाळीस, नोकरी फोर्टात, घर डोंबिवलीत. "सगळं नॉर्मल आहे म्हणतात, मॅडम. मग गाडीत बसलो की मला मरायला का होतं?" थोडा वेळ गेला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही गोळ्या देत नाही म्हणे. मग नुसतं बोलून काय होणार?"

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. प्रश्न अगदी रास्त आहे. वेळ आणि पैसे खर्च करून माणूस समोर बसतो, तेव्हा समोरची व्यक्ती काय शिकली आहे आणि नेमकं काय करणार आहे, हे विचारायचा त्याला हक्क आहे. या लेखातले डोंबिवलीचे गृहस्थ म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. सारखा त्रास असलेल्या अनेकांचे अनुभव एकत्र करून, ओळखीच्या खुणा पुसून मी ते उभे केले आहेत.

आधी पाटीवरच्या अक्षरांबद्दल. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस झाल्यावर मनोविकारशास्त्रात एमडी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. ते औषध देतात, गरज पडली तर रुग्णालयात दाखल करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्राच्या वाटेने आलेली असते. बीए, मग एमए, आणि त्यानंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. म्हणजे बारावीनंतर कमीत कमी सात वर्षं. मी औषध लिहून देत नाही, तो माझा अधिकारच नाही. काउन्सेलर हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो. त्यात उत्तम शिकलेले, अनुभवी लोक आहेत आणि दोन दिवसांचं शिबिर करून पाटी लावणारेही आहेत. पाटीवरून दोघांतला फरक कळत नाही, ही या क्षेत्राची मला सगळ्यात जास्त सतावणारी गोष्ट आहे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या बाबतीत तपासायला एक ठोस गोष्ट आहे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, वैधानिक संस्था झाली आणि तिच्या केंद्रीय नोंदवहीत आमची नोंद होते. प्रत्येकाला सीआरआर क्रमांक मिळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं याची व्याख्या आहे आणि तिच्यात प्रत्यक्ष देखरेखीखाली घेतलेल्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदव्यांची नावं बदलत चालली आहेत, त्यामुळे नावात न अडकता सरळ नोंदणी क्रमांक विचारा. विचारल्याचा राग येणाऱ्याकडे न गेलेलंच बरं.

एम.फिल.च्या या दोन वर्षांत काय शिकवतात? पुस्तकं असतातच, पण खरं शिक्षण वॉर्डात होतं. आपल्याकडे या अभ्यासक्रमाची सुरुवात बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे आजच्या निमहान्समध्ये, १९५५ साली झाली, आणि तेव्हापासून त्याचा साचा रुग्णालयाचाच राहिला आहे. सकाळी ओपीडी, दुपारी चाचण्या, संध्याकाळी केस लिहिणं, आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांसमोर त्या केसची चिरफाड. "पेशंट रडला तेव्हा तू विषय का बदललास?" असा प्रश्न पहिल्यांदा येतो तेव्हा कान तापतात. विषय मी बदलला, कारण त्याचं रडणं मला सोसवलं नव्हतं. हे कबूल करायला मला आठवडा लागला. दुसऱ्याचं दुःख ऐकताना आपल्या मनात काय चाललंय हे ओळखायला शिकणं, हा या प्रशिक्षणाचा गाभा आहे असं मी मानते. इतक्या वर्षांनीही मी माझ्या केसेस एका ज्येष्ठ सहकारी बाईंपुढे मांडते, नावगाव न सांगता. याला सुपरव्हिजन म्हणतात. ज्याला सुपरव्हिजन नको वाटतं, त्याच्याविषयी मला काळजी वाटते.

चाचण्या हाही आमच्या कामाचा मोठा भाग. मराठी वाचकांना ठाऊक असावं असं एक नाव इथे सांगते, डॉ. व्ही. व्ही. कामत. फ्रान्समध्ये बिने यांनी मुलांसाठी बुद्धिमापन चाचणी तयार केली होती. कामतांनी १९३०च्या दशकात ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतली. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला दहावीच्या परीक्षेत सवलत मिळावी म्हणून प्रमाणपत्र काढायला मुंबईचे आईबाप सायन किंवा नायर रुग्णालयात जातात, तेव्हा मुलाची बुद्धी किती आणि वाचन-लेखनातली अडचण किती, हे अशाच चाचण्यांनी वेगळं करून बघतात.

आता डोंबिवलीच्या गृहस्थांकडे येऊ. त्यांचा त्रास असा. सकाळची फास्ट लोकल ठाण्याहून सुटली की थेट घाटकोपर. मधल्या त्या पट्ट्यात एक दिवस अचानक छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. हार्ट अटॅक आला असं वाटलं. घाटकोपरला उतरून ते बाकावर बसले. वीस मिनिटांत सगळं ओसरलं. पण त्या दिवसापासून भीतीने घर केलं. पहिल्यांदा फास्ट सोडून स्लो धरली. मग पहाटेची, रिकामी. मग दाराजवळच उभं राहायचं. मग बाटलीत पाणी आणि शर्टच्या खिशात सॉर्बिट्रेटची, म्हणजे हृदयविकारात जिभेखाली ठेवतात ती, गोळी हवीच. शेवटी गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बायको फोनवर. तीन महिन्यांत त्यांचं जग आक्रसत आक्रसत एका दरवाजापुरतं उरलं होतं.

याला पॅनिक म्हणतात. माझं पहिलं काम समजावणं नसतं, विचारणं असतं. पहिला तास मी जवळपास फक्त प्रश्न विचारले. पहिल्यांदा कधी झालं, त्या आठवड्यात घरात काय चाललं होतं, झोप कशी होती, चहा किती, दारू घेता का, कुटुंबात कुणाला असं होतं, मरून जावं असे विचार येतात का. शेवटचा प्रश्न मी प्रत्येकाला सरळ शब्दांत विचारते. विचारल्याने तसे विचार डोक्यात भरतात, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला हायसं वाटतं. शारीरिक तपासण्या झालेल्या आहेत ना, याचीही खात्री करून घेतली. थायरॉइड किंवा हृदयाच्या ठोक्यांचा काही दोष असाच भासू शकतो, म्हणून ती फाइल महत्त्वाची होती. आणखी एक कळलं. पहिला झटका यायच्या पंधरा दिवस आधी त्यांच्या ऑफिसातले एक मित्र हृदयविकाराने गेले होते.

दुसऱ्या तासाला मी त्यांना खुर्चीत बसवूनच एक मिनिट जोरजोरात, भराभर श्वास घ्यायला सांगितलं. (दमा, हृदयविकार, फिट येणं किंवा गरोदरपण असेल तर हा प्रयोग करत नाहीत, आणि घरी स्वतःहून तर करूच नका.) चाळीस सेकंदांत त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या. डोळे विस्फारून म्हणाले, "हेच! गाडीत हेच होतं!" माणूस घाबरला की श्वास जलद होतो. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकुंचन पावतात आणि गरगरल्यासारखं वाटतं, हातपाय बधिरतात. ही लक्षणं बघून माणूस आणखी घाबरतो, श्वास आणखी वाढतो. घरात धूर नसताना आगीचा भोंगा वाजावा तसं शरीर वागतं. भोंगा खरा असतो, आग नसते. आणि "मी बेशुद्ध पडेन" या भीतीचं म्हणाल, तर बेशुद्ध पडायला सहसा रक्तदाब एकदम खाली यावा लागतो, पॅनिकमध्ये तो बहुधा वाढलेला असतो. (रक्त किंवा सुई बघून चक्कर येणाऱ्यांची गोष्ट वेगळी.)

हे सगळं त्यांना पटलं. पण पटल्याने गाडीत चढता येत नाही, आणि नुसतं बोलणं इथे संपतं. आम्ही दोघांनी मिळून एक शिडी आखली. सगळ्यात खालच्या पायरीवर फलाटावरच्या बाकावर बसून तीन गाड्या जाऊ द्यायच्या. मग दुपारी दोनची रिकामी स्लो, ठाणे ते मुलुंड, आणि परत. मग ठाण्याहून मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी असं एकेक स्टेशन वाढवत घाटकोपरपर्यंत. मग फोन न लावता. मग पाण्याची बाटली घरी ठेवून. मग भर दुपारची फास्ट, आणि सगळ्यात वर सकाळची फास्ट, डब्याच्या मधोमध. प्रत्येक पायरीआधी त्यांनी वहीत लिहायचं की काय होईल असं वाटतंय आणि भीती शंभरात किती. उतरल्यावर लिहायचं की प्रत्यक्षात काय झालं.

ती वही मला अजून डोळ्यांसमोर दिसते, शाळेतल्या मुलाची असते तशी दोनशे पानी, तपकिरी कव्हर घातलेली. एका पानावर लिहिलं होतं: "भांडुप. भीती ८५. वाटलं पडणार. पडलो नाही. शेजारच्याने विचारलं, बसता का? भीती ६०." पुढच्याच आठवड्यात ते विक्रोळीला घाबरून उतरले आणि वहीत फक्त "हरलो" एवढंच लिहून आले. त्या दिवशीचा तास आम्ही त्या एका शब्दावर घालवला. उतरल्यावर काय केलं? मागची गाडी पकडली. कोणती? तिथे थांबणारी फास्ट. "अहो, मग हरलात कसे?" ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले.

सॉर्बिट्रेटची गोळी सगळ्यात शेवटी सुटली. अशा गोष्टींना मी आधाराच्या काठ्या म्हणते. त्या वाईट नसतात, पण "मी वाचलो तो गोळीमुळे" असं मन म्हणत राहतं आणि गोळीशिवायही काही झालं नसतं, हे त्याला कळायची संधीच मिळत नाही. (हृदयविकारावर डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र कुणाच्या सांगण्यावरून सोडायचं नसतं. यांना ते कुणी दिलं नव्हतं, शेजाऱ्यांनी सुचवलं होतं.)

या पद्धतीला सीबीटी म्हणतात, विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी थेरपी. तिच्या एका मुळाशी अमेरिकेतले अॅरन बेक आहेत. नैराश्यात माणसाच्या मनात आपोआप येणारे विचार कसे एकाच दिशेने वाकलेले असतात, हे त्यांनी १९६०च्या दशकात मांडलं. दुसरं मूळ अल्बर्ट एलिस यांचं. त्यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या पद्धतीला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार असं सुंदर नाव आहे आणि त्यामागे मुंबईचं मोठं काम आहे. इथले कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि पुढच्या पिढीला शिकवली. ठाण्याची डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच संस्थाही हा विचार सामान्य माणसापर्यंत नेते आहे.

एलिस यांचं म्हणणं समजायला मराठी माणसाला एक अक्षर पुरेसं आहे: च. "मला प्रमोशन मिळावं" यात काही बिघडत नाही. "मिळालंच पाहिजे" म्हटलं की न मिळण्याची शक्यताच असह्य होते. "त्याने असं वागायलाच नको होतं", "माझं कधीच चांगलं होणार नाही", "आई म्हणून मी कमीच पडले". माझ्यासमोर बसलेली माणसं बोलत असतात तेव्हा मी त्यांचे च मनात मोजत असते. तो च सोडून तेच वाक्य पुन्हा म्हणून बघा असं सांगितलं की काही वेळा खोलीतली हवाच बदलते. इच्छा तशीच राहते, पण गळ्याभोवतीची पकड सैल होते.

प्रत्येकाला हीच पद्धत लागू पडते असं नाही. नात्यांमध्ये पुन्हा पुन्हा तीच ठेच लागणाऱ्या माणसाबरोबर बालपणापासूनची नक्षी शोधावी लागते, ती फ्रॉइडपासून निघालेल्या परंपरेची वाट. कुणाला फक्त न जोखता ऐकणारं माणूस हवं असतं. कार्ल रॉजर्स यांनी त्या ऐकण्यालाच उपचाराचा पाया मानलं. कधी पूर्ण कुटुंबाला बोलवावं लागतं, कारण आजार एकाचा आणि गाठ सगळ्यांची असते. वेगवेगळ्या थेरपींची तुलना करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली आहे. पद्धत कोणतीही असो, उपचार करणारा आणि घेणारा यांच्यातलं नातं कसं आहे यावर गुण येणं बरंच अवलंबून असतं. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये या नात्याचे तीन धागे सांगितले: कुठे पोचायचं यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि परस्परांवरचा विश्वास. शिडी मी एकटीने आखून हातात दिली असती, तर आमचे गृहस्थ पहिल्याच पायरीवरून घरी गेले असते.

भाषेचंही सांगायला हवं. लोक येतात ते डिप्रेशन, अँग्झायटी, ओव्हरथिंकिंग असे शब्द घेऊन. मी विचारते, "घरी आईला सांगाल तर काय म्हणाल?" मग खरं बाहेर येतं. जीव घाबरा होतो. कशात मन लागत नाही. डोक्यात काहूर माजतं. पोटात खड्डा पडतो. एक बाई म्हणाल्या, "आतून नुसतं रितं रितं वाटतं." डिप्रेशन या शब्दातून मला जेवढं कळलं नसतं तेवढं त्या रितेपणातून कळलं, कारण पुढचा प्रश्न आपोआप सुचला: पूर्वी तिथे काय होतं?

आणि मुंबईतली जागेची अडचण! दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असताना मनातलं बोलायचं कुठे? ऑनलाइन सेशन सुरू झाल्यापासून मी लोकांना बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, जिन्यात, बंद रिक्षात बसून बोलताना पाहिलं आहे. एक मुलगी नळ सोडून बाथरूममधून बोलायची, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. अशा वेळी मी आधी विचारते, तिथे सुरक्षित आहेस ना, कुणी आलं तर कोणता शब्द म्हणशील? तो शब्द आला की मी अभ्यासाबद्दल बोलायला लागते.

बोललेलं बाहेर जाणार नाही, हे कायद्यानेही बांधलेलं आहे. २०१७ च्या कायद्यात रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. त्याला मोजके अपवाद आहेत आणि ते मी पहिल्याच दिवशी सांगते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर मला गप्प राहता येत नाही. शेवटच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच केलं आहे. यांपैकी काही नसेल, तर सज्ञान मुलाच्या आईने "तो काय म्हणाला तेवढं सांगा ना" असं कितीही काकुळतीने विचारलं, तरी त्याच्या परवानगीशिवाय मी सांगत नाही. त्या माऊलीचा चेहरा बघून पोटात तुटतं. पण ते सांगितलं तर मुलगा पुन्हा कधी कुणाशी बोलेल याची खात्री नाही.

औषध की थेरपी, असा वाद घालण्यात वेळ घालवू नका. तीव्र नैराश्य, स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशा आजारांत औषध लागतंच, आणि औषधाने माणूस उठून बसला की थेरपीचं काम सुरू होतं. सायकिअॅट्रिस्टकडे पाठवते म्हटल्यावर "म्हणजे मी वेडा?" असं विचारणारे अजून भेटतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभरातल्या जवळपास साडेदहा प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि विकारानुसार बघितलं तर त्यातल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. हा आकडा मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. आपल्याच चाळीत, आपल्याच डब्यात, कुणीतरी मुकाट्याने दाराजवळ उभं राहून स्टेशनं मोजत असणार, एवढंच त्यातून मला दिसतं.

पहिल्या भेटीत विचारा: तुमचा नोंदणी क्रमांक काय, माझ्यासारखा त्रास असलेल्यांबरोबर काम केलं आहे का, कोणत्या पद्धतीने करता, साधारण किती सेशन्स, गुण येतोय की नाही हे आपण कसं ठरवायचं, फी किती आणि परवडत नसेल तर काय. आमच्या गृहस्थांना चौदा तास लागले. कुणाला सहा पुरतात, कुणाला दोन वर्षं लागतात. चार-पाच भेटींनंतरही आपलं ऐकलं जात नाही असं वाटत असेल, तर तसं तोंडावर सांगा, आणि तरी बदललं नाही तर दुसरीकडे जा. हमखास बरं करतो म्हणणाऱ्याकडे, सगळ्यांना एकच उपाय सांगणाऱ्याकडे, तुमच्या गोष्टी नावासकट दुसऱ्यांना सांगणाऱ्याकडे जाऊ नका.

खासगी सेशनची फी अनेकांच्या आवाक्याबाहेर असते, हे खरं आहे. पालिकेच्या केईएम, नायर आणि सायन रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, राज्य सरकारच्या जेजे रुग्णालयातही आहे. गर्दी असते, ताटकळावं लागतं, म्हणून सकाळी लवकर जा, जुने रिपोर्ट न्या, आणि जमलं तर घरचं एक माणूस बरोबर घ्या. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. तिथेही ओपीडी चालते, आणि तिथे गेलं म्हणजे दाखलच करतात असं नाही. विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायला हवं असं २०१७ चा कायदा सांगतो, पण पुष्कळ पॉलिसी फक्त रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात. रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं.